टूल उजव्या हातात, कसब डाव्या हातात

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्किनकेअरचा कोर्स झाला, सर्टिफिकेट मिळालं, थिअरी पाठ आहे, पण क्लायंट बेडवर आडवी झाली आणि हातात लूप (ब्लॅकहेड काढायचं, टोकाला तारेचं कडं असलेलं टूल) घेतला की हात थरथरतो. कोर्समध्ये प्रत्येक टूल एखाद-दोनदाच हाताळायला मिळालं. आता व्हिडिओ बघून शिकायचं, आणखी एक कोर्स करायचा, की क्लायंट घेत घेतच हात बसवायचा? आणि स्वतःसाठी पहिलं टूल कोणतं घ्यायचं?

क्लायंटच्या चेहऱ्यावर हात बसवायचा विचार आधी काढून टाका. मी तेच केलं होतं. भरपाई दुसऱ्या कुणाच्या तरी गालाने केली. ते पुढे सांगते. बाकीच्याचं उत्तर लांबलचक आहे, कारण २२ वर्षं हे काम करताना आणि मुलींना शिकवताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. सगळ्यांचं लक्ष टूल धरलेल्या हाताकडे असतं आणि चुका होतात त्या दुसऱ्या हातामुळे.

आधी थरथरीचं बघू. हात थरथरतो म्हणजे तुम्ही घाबरट आहात असं नाही. हात हवेत लटकतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. एक करून बघा. पेन घ्या, मनगट आणि करंगळी कागदाला न टेकवता स्वतःचं नाव लिहा. अक्षर वेडंवाकडं येईल. आता करंगळीची कड टेकवून लिहा. दातांचे डॉक्टर काम करताना एक बोट शेजारच्या दातावर टेकवून ठेवतात, ते याचसाठी. आपल्याकडे करंगळी किंवा अनामिका क्लायंटच्या गालाच्या हाडावर, हनुवटीवर, कपाळावर हलकेच टेकलेली हवी. मग क्लायंट शिंकली किंवा तिने डोकं हलवलं, तर तुमचा हात तिच्या डोक्याबरोबर हलतो. हात हवेत असेल तर डोकं एकीकडे आणि टूल भलतीकडे.

दुसरं कारण स्टूल. कोपर खांद्याच्या उंचीपर्यंत उचलावं लागत असेल तर बेड उंच आहे किंवा स्टूल खाली आहे. कोपर अंगालगत, हाताचा पुढचा भाग जवळजवळ आडवा, पाठ सरळ, अशी उंची जमवून मगच हातमोजे घाला. मॅग्निफायिंग लॅम्पचंही गणित असतं. ५ डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे काचेच्या ताकदीचं माप) काच २० सेंटिमीटरवर फोकस होते आणि साधारण सव्वादोन पट मोठं दाखवते. ३ डायॉप्टरची ३३ सेंटिमीटरवर, पावणेदोन पट. जास्त मोठं दिसतं म्हणून मुली ५ची काच घेतात, आणि २० सेंटिमीटरमध्ये लूप धरलेला हात, दुसरा हात आणि कापूस मावत नाही म्हणून मान वाकडी करतात. शिकताना ३ची काच बरी. हातमोजा मापाचा घ्या. बोटाच्या टोकाशी मोजा दुमडत असेल तर स्पर्श अर्धा मेला समजा.

एवढ्याने निम्मी थरथर त्याच दिवशी जाते. उरलेली सरावाने जाईल, त्याकडे येते.

आता डावा हात. डावखुऱ्यांनी उलटं वाचावं. टूल कुठलंही असो, त्वचा मऊ, घसरती आणि खाली भरावाची गादी असलेली असते. सैल त्वचेवर लूप दाबला तर दाब खोल न जाता त्वचाच सरकते. मग आपण आणखी जोर लावतो. सैल त्वचेवर ब्लेड फिरवलं तर पुढे घडी उभी राहते आणि घडीच्या माथ्यावर कापतं. म्हणून डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी त्वचा दोन विरुद्ध दिशांना ताणून धरतात, आणि उजव्या हाताचं टेकलेलं बोट तिसरीकडे. तीन बाजूंनी ताण, मध्ये काम. किती ताणायचं? स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला करून बघा. त्वचेवरच्या बारीक रेघा पुसल्या गेल्या की तिथे थांबायचं. त्वचा पांढरी पडू लागली तर जास्त झालं. रक्त दाबलं गेलं की आपण केलेली लाली आपल्यालाच दिसत नाही.

डाव्या हाताचं दुसरं काम म्हणजे खबर देणं. गाठ किती खोल आहे, खाली हाड आहे की नुसता मांसल गाल, त्वचा गरम होते आहे का, क्लायंटने जबडा आवळला का, हे सगळं त्या बोटांना कळतं. नवीन मुलींचा डावा हात मात्र टिश्यू धरून नुसता बसलेला असतो. माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलीला मी पहिला आठवडा टूल देतच नाही. फक्त ताण आणि स्पर्श. डोळे मिटून सांगायचं: इथे खडबडीत आहे, इथे पुळी येऊ घातली आहे, इथे कोरडं आहे. चिडतात. एक मुलगी तर तिसऱ्या दिवशी आलीच नाही.

लूपवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सर्वात जास्त वापरलं जाणारं आणि सर्वात जास्त इजा करणारं टूल तेच आहे. बोथट दिसतं, म्हणून कुणाला त्याची भीती वाटत नाही.

ब्लॅकहेड म्हणजे रंध्राच्या तोंडाशी अडकलेला तेल आणि मृत पेशींचा खिळा. काळा रंग मळाचा नसतो. मेलॅनिन आणि हवेशी संपर्क आलेलं तेल यांचा तो रंग. त्याला तोंड आहे, वाट आहे, म्हणून तो निघतो. व्हाइटहेडचं तोंड जवळजवळ बंद असतं. बंद तोंडाच्या रंध्रावर वरून जोर दिला तर आतला ऐवज बाहेर यायची वाट शोधत नाही. रंध्राची भिंत फुटते आणि तेल, केराटिन त्वचेच्या आतल्या थरात सांडतं. शरीर त्याला परकं समजून हल्ला चढवतं. त्या दिवशी काही दिसत नाही. एक-दोन दिवसांनी तिथे लाल, दुखरी गाठ येते आणि क्लायंटला वाटतं, नवीन पुळी आली.

माझं तेच झालं. कामाचं पहिलंच वर्ष. एका क्लायंटच्या गालावर एक व्हाइटहेड, चार दिवसांनी तिच्या घरी कार्यक्रम. मी लूप ठेवला, दाबलं, काही आलं नाही. पुन्हा दाबलं. ती म्हणाली, “थोडं दुखतंय हं.” मी म्हणाले, “झालंच, एकदाच.” तिसऱ्यांदा दाबल्यावर थोडं पाणी आणि रक्ताचा टिपका आला आणि मला वाटलं, निघालं. कार्यक्रमाच्या दिवशी तिथे वाटाण्याएवढी गाठ होती. गाठ बसली आणि मागे तपकिरी डाग ठेवून गेली. तो डाग पुसट व्हायला आठ महिने लागले. बाई भली होती, भांडली नाही, दर महिन्याला येत राहिली. आणि दर महिन्याला मॅग्निफायिंग लॅम्पखाली तो डाग मला बघत होता.

तेव्हापासून नियम: एका जागी दोनदा प्रयत्न, तिसरा नाही. दोनदा नाही आलं तर ते आज येणार नाही. पुढच्या वेळी येईल, किंवा मधल्या काळात सॅलिसिलिक ॲसिडसारख्या गोष्टींनी मऊ होईल, किंवा त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवायचं. क्लायंटला हे तोंडाने सांगा. “हे अजून तयार नाही, आज नाही काढत” असं म्हटलं की तिचा विश्वास वाढतोच.

डागाची भीती कुणाला जास्त, तेही लक्षात ठेवा. १९७५ मध्ये अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी उन्हाला त्वचा कशी प्रतिसाद देते त्यावरून त्वचेचे प्रकार पाडले. पुढे ते सहा झाले. त्यातल्या चौथ्या ते सहाव्या प्रकारात, म्हणजे गव्हाळ ते काळ्या त्वचेत, जराशा इजेनंतरही काळपट डाग राहण्याची शक्यता जास्त. गोऱ्या चेहऱ्यावर शूट केलेल्या व्हिडिओतला दाब सावळ्या गालावर जसाच्या तसा चालत नाही. तिथे लाली झाली की लगेच ओरडते. इथे ती आधी दिसत नाही आणि तीन आठवड्यांनी डाग होऊन समोर येते. म्हणून सावळ्या त्वचेवर डोळ्यांपेक्षा बोटांवर भिस्त ठेवा: ऊब आणि फुगवटा आधी कळतो.

आता प्रत्यक्ष हालचाल. रंध्र त्वचेत सरळ खाली गेलेलं नसतं, तिरकं असतं. कोणत्या बाजूला तिरकं, ते लव सांगते. लव ज्या दिशेला पडली आहे त्या दिशेनेच आतला खिळा बाहेर येणार. तेव्हा कडं खिळ्याभोवती ठेवायचं, लवेच्या मुळाकडच्या बाजूने आधी हलका दाब द्यायचा आणि मग टोकाकडे सरकवायचं. टूथपेस्टची ट्यूब आपण तळापासून दाबतो, तसं. कडं सगळीकडून सारखं खाली रेटलं तर चारी बाजूंनी आवळून खिळा आतच बसतो आणि त्वचेवर गोल वळ उमटतो. असा वळ उमटत असेल तर कोन चुकतोय, एवढं नक्की समजा. आणखी एक: जोर तोच असला तरी तार जितकी बारीक तितका दाब जास्त, कारण क्षेत्रफळ कमी. बारीक लूप नाजूक कामासाठी असतो अशी समजूत आहे. खरं तर नवशिक्याच्या हातात तो जास्त धोक्याचा.

नाकावर मी लूपपेक्षा बोटांनीच काम करते. तर्जनीच्या टोकांना गॉज गुंडाळून दोन्ही बाजूंनी आधी खाली, मग आत, मग वर. नख कधीच नाही. नाक शेवटी घ्यावं. तिथे डोळ्यांत पाणी येतं, शिंक येते आणि मग बाकीच्या चेहऱ्यावर क्लायंट अंग चोरून बसते. नाकावर जे करडे ठिपके सारखे दिसतात त्यातले पुष्कळसे ब्लॅकहेड नसतातच. ते रंध्रातले तेलाचे धागे, प्रत्येकाला असतात, काढले तरी महिन्याभरात परत भरतात. त्यांच्या मागे लागून नाक सोलू नका. एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे हे खिळे काढणं, एकूण दहा, फार तर पंधरा मिनिटं. त्यानंतर त्वचाही थकते आणि आपला हातही जड होतो.

लॅन्सेटबद्दल, म्हणजे टोचायच्या बारीक टोकदार सुईबद्दल, थोडक्यात. पू दिसणाऱ्या किंवा पातळ पडदा असलेल्या व्हाइटहेडला तोंड करून द्यायला तो असतो. चूक एकच होते: इंजेक्शनसारखा उभा खुपसणं. लॅन्सेट त्वचेला जवळजवळ समांतर धरायचा, टोक फक्त त्या पांढऱ्या पडद्यातून न्यायचं आणि वर उचलायचं. खाली नाही. एका क्लायंटला एक लॅन्सेट, वापरून झाला की थेट शार्प्सच्या (टोकदार कचऱ्याच्या) डब्यात. टोपण परत लावायच्या नादातच बोटाला टोचतो. लॅन्सेट आणि ब्लेड ब्युटिशियनने वापरावं की नाही, याचे नियम जागोजागी वेगळे आहेत. आधी स्वतःच्या परवान्यात आणि विम्यात काय बसतं ते बघा. बसत नसेल तर विषय तिथेच मिटला.

सराव कशावर करायचा? दाबासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा काढा. त्यावर घडी केलेला जाड रुमाल ठेवा आणि लूप धरून दाबा. ५० ग्रॅम, १०० ग्रॅम, २०० ग्रॅम. आधी आकडा बघत, मग डोळे मिटून. डोळे मिटून १०० म्हणालात आणि काटा ९० ते ११० मध्ये राहिला, असं सलग दहा वेळा झालं की हात तुमच्या ताब्यात आला. हे आकडे त्वचेसाठीचं प्रमाण नव्हे. तेवढाच दाब हवा तेव्हा पुन्हा देता येतो का, एवढीच परीक्षा. पहिल्या दिवशी बहुतेक मुलींचा ‘हलका’ दाब २०० च्या पुढे जातो आणि काटा बिघडलाय असं त्यांना वाटतं. नंतर तोच लूप स्वतःच्या मांडीवर. मग मैत्रिणीच्या हातावर, आणि तिने एक ते दहामध्ये दाब सांगायचा. तुमचा तीन आणि तिचा तीन जुळेपर्यंत चेहऱ्याकडे जायचं नाही.

ब्लेडचा सराव फुगलेल्या फुग्यावर करतात. फुग्याला शेव्हिंग फोम लावायचा आणि फुगा न फोडता फोम काढायचा. कोन शिकायला चांगलं आहे. पण फुगा सगळीकडे सारखा ताणलेला असतो आणि गाल तसा नसतो, म्हणजे डाव्या हाताचा धडा त्यात येत नाही. म्हणून फुग्यावर उत्तम करणारी मुलगी हनुवटीपाशी अडते.

डर्माप्लेनिंग म्हणजे ब्लेडने चेहऱ्यावरचा मृत थर आणि लव काढणं. त्यात आपण किती काढतो ते समजलं तर हात आपोआप हलका होतो. चेहऱ्यावर त्वचेचा सर्वात वरचा मृत थर साधारण ०.०१ ते ०.०२ मिलिमीटर जाड असतो. साध्या कागदाचं पान ०.१ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे कागदाच्या पाचव्या-दहाव्या हिश्शावर आपलं काम, त्याच्या खाली जायचं नाही. बहुतेक जणी १० नंबरचं गोलसर कडेचं सर्जिकल ब्लेड वापरतात. त्वचा पूर्ण कोरडी आणि तेलविरहित, ब्लेड ४५ अंशांत, स्ट्रोक एक-दीड सेंटिमीटरचे, पिसासारखे. ब्लेडच्या स्वतःच्या वजनापेक्षा फारसा जोर लागत नाही. कोन उभा झाला तर खरवडतं, फार आडवा झाला तर धार आत शिरते. एकाच पट्ट्यावर पुन्हा पुन्हा फिरवायचं नाही. आवाज ऐका: नीट चाललं असेल तर बारीक, एकसारखी खसखस येते. आवाज तुटक झाला की ताण सुटलाय.

जबड्याच्या कडेवर ब्लेड कधी आडवं ओलांडायचं नाही. त्वचा डाव्या हाताने गालावर वर ओढून घ्यायची, म्हणजे कडेची त्वचा सपाट भागावर येते, आणि तिथे काम करायचं. वरच्या ओठापाशी क्लायंटला जीभ आतून ओठामागे दाबायला सांगा. तो ताण डाव्या हाताला जमत नाही. पापण्या, नाकाच्या बाजूच्या खाचा, तीळ, चामखीळ, पिकलेली पुळी, ओठावरचा ताप फुटलेला असेल तो भाग, इथे ब्लेड नाही. ब्लेड हँडलवरून बोटांनी काढू नका, ब्लेड रिमूव्हर घ्या. मी पाहिलेले सगळ्यात वाईट काप क्लायंटला झालेले नाहीत, काम संपल्यावर ब्लेड काढताना झालेले आहेत. लव दाट होऊन परत येते का, हा प्रश्न रोज येईल. नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून दोन दिवस राठ लागतं, एवढंच.

मशीनच्या टूल्समध्ये हाताचं कौशल्य कमी आणि शिस्त जास्त. अल्ट्रासोनिक स्क्रबरचं पातं सेकंदाला साधारण २५ हजार वेळा थरथरतं आणि ते काम पाण्यामुळे होतं. पात्यापुढे तुषार उडताना दिसायला हवेत. तुषार थांबले म्हणजे त्वचा कोरडी झाली, म्हणजे आता तुम्ही धातू घासताय. लगेच पाणी. हाय फ्रिक्वेन्सी मशीनची, म्हणजे बारीक ठिणग्या देणाऱ्या मशीनची, काचेची नळी त्वचेला लावताना आणि उचलताना आपलं बोट काचेवर ठेवायचं, त्वचेला टेकली की बोट काढायचं; नाहीतर ठिणगी क्लायंटला चावते. आधी अल्कोहोलवालं टोनर लावलेलं असेल तर ही मशीन सुरूच करू नका, भडका उडू शकतो. गॅल्व्हॅनिकमध्ये (त्वचेतून सौम्य करंट सोडणाऱ्या मशीनमध्ये) इलेक्ट्रोड एका जागी थांबवायचा नाही, आणि करंट शून्यावर आणल्याशिवाय उचलायचा नाही. पेसमेकर असलेल्या व्यक्तीला यातलं काहीच नाही, गरोदरपणात विजेवरची उपकरणं नाहीत. मायक्रोडर्माब्रेजनमध्ये (मृत थर घासून ओढून घेणाऱ्या मशीनमध्ये) व्हॅक्यूम कमीवर ठेवून, ताणलेल्या त्वचेवर न थांबता हँडपीस फिरवायचा. हँडपीस एका ठिकाणी रेंगाळला तर गोल लाल ठसा उमटतो, तो घेऊन क्लायंट घरी जाते.

स्टीमर कुणी टूल समजत नाही, म्हणून त्याचे अपघात जास्त. वाफ सुरू झाल्यावर, दोन मिनिटं दुसरीकडे तोंड करून ठेवल्यावर मगच क्लायंटकडे वळवायचा. पहिल्या फवाऱ्यात उकळत्या पाण्याचे थेंब येतात. डिस्टिल्ड पाणी वापरलं नाही की क्षार साचून तेच होतं. अंतर ३० ते ४५ सेंटिमीटर, वेळ पाच-सात मिनिटं. आणि “वाफेने पोअर्स उघडतात” हे क्लायंटला सांगणं बंद करा. रंध्रांना उघडझाप करणारे स्नायू नसतात. वाफेने आतलं तेल मऊ होतं, बस.

टूल उचलण्याआधी चार प्रश्न विचारायचेच. आयसोट्रेटिनॉइनच्या (पिंपल्सवरच्या) गोळ्या चालू आहेत का किंवा गेल्या सहा महिन्यांत घेतल्या का? असतील तर वॅक्स आणि ब्लेड नाही. रात्री रेटिनॉल किंवा ट्रेटिनॉइन लावता का? तर निदान आठवडाभर बंद ठेवून या. रक्त पातळ करणारी औषधं? ओठावर वारंवार ताप फुटतो का? हे फॉर्मवर छापलेलं असतं, पण फॉर्म सगळे ‘नाही, नाही’ करत भरतात. तोंडी विचारलं की खरं उत्तर येतं, आणि “गोळ्या” म्हटल्यावर कुणाला आठवत नाही, “पिंपल्ससाठी डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या होत्या का?” असं विचारा.

स्वच्छतेला तंत्राबाहेरचं समजू नका. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अर्ल स्पॉल्डिंग यांनी १९६८ मध्ये मांडलेली वर्गवारी आजही चालते: त्वचा भेदून आत जाणारं उपकरण निर्जंतुकच हवं, अखंड त्वचेला नुसतं लागणाऱ्याला त्याखालची पातळी चालते. आपला लूप दिसतो अखंड त्वचेवरचा, पण रक्ताचा टिपका आला की तो वरच्या वर्गात गेला. म्हणून मी लूप सरसकट ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घालते. आधी ब्रशने धुवायचा, कारण वाळलेल्या तेलाखाली वाफ पोचत नाही. मग पाकिटात बंद करून १२१ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं. निळ्या दिव्याची यूव्ही कपाटं टूल्स ठेवण्यासाठी ठीक आहेत, निर्जंतुक करायला नाहीत. अल्कोहोल ७० टक्क्यांचं घ्या. जास्त तीव्र ते जास्त चांगलं असं इथे होत नाही. जंतूंची प्रथिनं मोडायला पाणीही लागतं.

आता व्हिडिओ की कोर्स. व्हिडिओत कोन दिसतो, क्रम दिसतो, दाब दिसत नाही. आणि कॅमेरा टूलवर असतो. डावा हात बहुतेक वेळा चौकटीच्या बाहेर. तरी बघा, पण आवाज बंद करून, आणि फक्त डाव्या हाताकडे बघत. तो हात जिथे दिसतच नाही तो व्हिडिओ सोडून द्या. त्याहून उपयोगी म्हणजे स्वतःचा व्हिडिओ. मोबाईल स्टँडवर लावून मैत्रिणीच्या कपाळावर पाच मिनिटं काम करा आणि दुसऱ्या दिवशी बघा. स्वतःचे वर चढलेले खांदे बघून मला पहिल्यांदा लाजच वाटली होती.

कोर्स घ्यायचा तर एकच विचारा: एका शिक्षिकेमागे किती मुली, आणि प्रत्येकीला किती चेहरे? मी एका नावाजलेल्या ठिकाणी महागडी कार्यशाळा केली होती. तीसेक जणी, एक मॉडेल, आम्ही मोबाईल वर करून बघत होतो. सर्टिफिकेट सुंदर होतं. त्यापेक्षा एखाद्या अनुभवी बाईकडे महिनाभर ट्रॉली लावायला राहा आणि तिने तुमच्या हातावर स्वतःचा हात ठेवून दाब द्यावा असं तिला सांगा. मला लूप असाच कळला. माझ्या गुरूंनी तोंडाने काही सांगितलं नाही. माझ्या बोटांवर बोटं ठेवली आणि दाबलं. मी देत होते त्याच्या निम्माही नव्हता तो दाब.

वही ठेवा. क्लायंटचं नाव, कोणतं टूल, कुठे, काय सोडून दिलं. आणि तिसऱ्या दिवशी एक मेसेज: “लाली गेली का? कुठे गाठ आली का?” आपण केलेलं काम त्या दिवशी सगळं छानच दिसतं; निकाल तिसऱ्या दिवशी लागतो. नव्या मुली हा मेसेज टाळतात, कारण उत्तराची धास्ती वाटते. पण तुमच्या हाताचा दोष त्या उत्तरातच सापडतो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वहीत गाठीच्या सगळ्या नोंदी उजव्या गालावरच्या होत्या. बघितलं तर ती उजवीकडे काम करताना स्टूल हलवत नव्हती, मनगट मुरडून पोचत होती, आणि दाब वाकडा पडत होता. स्टूल हलवला, गाठी थांबल्या.

शेवटचा प्रश्न, पहिलं टूल कोणतं. एकसंध स्टीलचा, मध्यम कड्याचा, जाड आणि खरखरीत मुठीचा लूप. बारीक गुळगुळीत दांडी चिमटीत घट्ट धरावी लागते, तासाभरात अंगठ्याचा सांधा दुखतो आणि मग जोर कळेनासा होतो. कड्याचा जोड बोटाने चाचपून बघा. तिथे कंगोरा लागला तर दुकानातच ठेवा. एकाच मापाचे सहा घ्या, वेगवेगळ्या मापांचा संच नको. प्रत्येक क्लायंटला पाकिटातून नवा निघतो, आणि हाताला एकाच वजनाची सवय लागते. ब्लेडचं हँडल सहा महिन्यांनी घ्या. वजनकाटा घरात असेलच.